भोंग्यातला आबांचा आवाज

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं यातलं मी काहीच मानत नाही. उलट कुणी असलं सांगायला लागलं की मीच त्याची टिंगल करते. तुम्हाला घाबरवायलाही हे लिहीत नाहीये. मला स्वतःलाच भीती वाटली नव्हती... काहीच वाटलं नव्हतं, तेच तर सांगायचंय.

आमचं शेत सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या थोडं अलीकडे. शेतात हरभरा, बांधावर चिंच, चिंचेवर वानरांची टोळी. आमच्याकडे आता सगळ्यांच्या शेतात बॅटरीवरचा भोंगा असतो — आपला ओरडा रेकॉर्ड करायचा, लावून द्यायचा, घरी जायचं. आमच्या भोंग्यात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा आवाज. रेकॉर्ड मीच केला. "हाऽऽड, हुर्रर्र, पळा तिकडं" असं ओरडून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "झालं का बाई?" तेही त्यातच आलं. कापायचं राहून गेलं.

वानरं त्या भोंग्याला कधीच भ्याली नाहीत. पण आबा स्वतः ओरडले की टोळी बांधापलीकडे. मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. आबा म्हणायचे, "त्यायला बराबर कळतंय, खरा कोन अन् डब्यातला कोन."

पावसाळ्याच्या तोंडावर आबा गेले. छातीत दुखलं, हिंगोलीला पोचेपर्यंत संपलं होतं. मी रडले नाही. हरभऱ्याला घाटे धरले तसं मायनं भोंगा लावायला सांगितलं. मी म्हटलं, "काहून? वांदरं भेत न्हाईत त्याला."

"वांदरांसाठी न्हाई लावायचा," माय म्हणाली.

त्या दुपारी मी चिंचेखाली मोबाईल बघत बसले होते. वानरं निवांत घाटे खाऊन राहिली होती. ओरडा आला, नेहमीचाच. आणि सगळी टोळी थबकली. भोंग्याकडे नाही, विहिरीकडे बघितलं त्यांनी. आबा तिकडूनच ओरडत यायचे. मग पिल्लं पोटाशी धरून जी पळाली, ती थेट ओढ्यापलीकडे. विहिरीवर कोणी नव्हतं. मी परत मोबाईल बघायला लागले... खरंच.

संध्याकाळी मायला सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "शेवटाला 'झालं का बाई' म्हटले का? डब्यातला आवाज तेवढं म्हन्ल्याबिगर थांबत न्हाई."

मला आठवेना. रोज कानावर पडून पडून मी ते ऐकायचंच सोडलं होतं. मायनं भाकरी तव्यावर टाकली.

शेजारचे म्हणाले, बिबट्या असंल. असेलही, पण माग कुठे दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी वानरं परत आली, भोंग्याखाली बसून खाऊ लागली. आता हरभरा निघाला, रान मोकळं झालं, वानरंही येत नाहीत. भोंगा मात्र आम्ही काढलेला नाही. मोबाईल घरी ठेवून मी विहिरीकडे तोंड करून बसते आणि शेवटपर्यंत ऐकते. दर वेळी येतंच... "झालं का बाई?"