कोपऱ्यातली तारीख

नकाशेवाले सर वडापाव हातात घेतला की आधी त्याला गुंडाळलेल्या पेपरची तारीख वाचायचे. बिस्किटाचा पुडा, माझा अंगणवाडीतला हजेरीपट, काही म्हणजे काही सुटायचं नाही. चौकातला टपरीवाला म्हणायचा, "सर, वडा आजचाच हाय, कागद जुना हाय." सर गालात हसायचे.

ते उपग्रहानं काढलेली चित्रं घेऊन आमच्या डोंगराकडे आले. मी वरच्या ठाकरांच्या वाडीवर अंगणवाडी चालवते. रोजची चढउतार, घरोघरची ओळख, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. चित्रात दिसतं ते जमिनीवर खरंच आहे का, हे त्यांना चालून बघायचं असायचं. दगडावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन शिकवायचे, "बाई, चित्राआधी कोपऱ्यातली तारीख बघा. डोंगर रोज तोच नसतो." ही झाडी, ही उघडी माती, हा नवा रस्ता, असं करत मला ते वाचता यायला लागलं. बारावी झालेल्या बाईला इतक्या मानानं कुणी शिकवलं नव्हतं, खरं सांगते.

वाडीच्या माथ्यावर भेग पडली होती. बुधीबाय म्हणून तिथली एक म्हातारी. तिनं भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या होत्या आणि मधलं अंतर ती वितीनं मोजायची. सरांनी आपली टेप खिशातच ठेवली, तिचीच वीत माझ्या वहीत मांडली. म्हणाले, "आजी, तुमचं माप आणि माझं चित्र एकच सांगतंय. डोंगर सरकतोय."

पावसाआधी वाडी खाली उतरायला निघाली होती, जो तो आपापल्या नातलगांकडे. सरांनीच अडवलं. "असे पांगलात तर सरकार जागा देणार नाही. माझ्या नकाशात हा उतार लाल येईल, मग हक्काची जागा मिळेल." बुधीबायनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई गं, मानूस खरा हाय ना?" मी छातीठोकपणे सांगितलं, खरा आहे. वाडी माझ्या शब्दावर थांबली. तो अख्खा पावसाळा मला धड झोप नव्हती.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीत नकाशा आला. उतार सगळा हिरवा. "चला, धोका नाय," म्हणत सरपंच घडी घालायला लागले. मी सवयीनं कोपरा बघितला. बारीक अक्षरात मूळ चित्राची तारीख होती, चार वर्षांपूर्वीची, भेग पडण्याआधीची. ती खोटी घालणं मात्र सरांना जमलं नव्हतं.

फोन लावला. तारखेचं विचारलं. सर म्हणाले, "बाई, खाली बंगल्यांचा प्रकल्प आहे. लाल दाखवलं असतं तर मंजुरी अडकली असती. माझ्या हातात नव्हतं."

"तारीख वाचायला तुम्हीच शिकवलंत ना मला?"

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. ह्या माणसाला मी गुरू मानलं होतं. मला फक्त रंग दिसतील, असं वाटलं त्यांना.

वर जाऊन बुधीबायला सगळं सांगितलं, मान खाली घालून. ती उठून खुंट्यांकडे गेली, वाकून वीत लावली.

"दोन बोटं वाढलंय. पोरांना सांगते, आता कुनासाठी थांबायचं नाय." मग माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं. "लिव गं. आन् आजची तारीख टाक."