नकाशाला लागलेला पाय

दिवाळीनंतर कोयनेच्या जंगलात भटकायला जायचं म्हणून मी जमिनीवर नकाशा पसरून बसलो होतो. कोपरे उडू नयेत म्हणून वर वाट्या ठेवल्या होत्या. एके ठिकाणी उंचीच्या रेषा दाटून कागद काळपट झाला होता. तिथे कडा होता. तो मी पेन्सिलीने सहज ओलांडला.

चहा आणताना बायकोचा पाय नकाशाला लागला. तिने कप खाली ठेवले, वाकून कागदाला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला.

"अगं, नकाशा आहे तो. पुस्तक नाही."

"डोंगर आहे ना त्यात?"

मी पुन्हा खाली पाहिलं. त्या काळपट पट्ट्यात किती रान, किती ओढे, दुपारचाही किती अंधार मावला असेल, कोण जाणे. आणि माझा गुडघा केव्हापासून त्यावरच टेकलेला होता. मी तो हळूच मागे घेतला.