ठकूबाईंचा दुसरा खंड

निरगुडसरच्या ठकूबाईंचा मोतीबिंदू काढला आणि त्यांना अक्षरं दिसायला लागली. शाळा चौथीतच सुटलेली, हौस मात्र राहिलेली. वाचनालयात जाऊन त्यांनी सगळ्यात जाड पुस्तक मागितलं. शेकडो वर्षांपूर्वीच्या कथांचा संग्रह निघाला, मराठीत आणलेला. पहिला खंड उशीएवढा.

घरच्या कांद्याच्या चाळीपुढं बाया कांदा निवडायला बसल्या की ठकूबाई मोठ्यानं वाचायच्या. अडचण एकच. त्या काळी सरळ कुणी बोलतच नव्हतं. राजाला वाट विचारली तर तो प्रधानाची गोष्ट सांगे आणि गोष्टीतला प्रधान पोपटाची.

एका दुपारी वाण्याचा पोरगा कोरड्या विहिरीत पडला. काठावर वाघ. तो वाघही गोष्टच सांगायला लागला.

"आपला बिबट्या बरा," कांदा निवडणारी भागू म्हणाली. "कुत्रं उचलतो नि जातो."

तेवढ्यात ठकूबाईंचे यजमान हौशीराम चहासाठी आले आणि ऐकत उभे राहिले.

"पोराचं काय झालं?"

"अजून वाघाचंच चाललंय."

"आदी त्याला वर काढ. उपाशी असंल."

ठकूबाईंनी पानं उलटली. वाघाच्या गोष्टीत ब्राह्मण निघाला, ब्राह्मणाच्या गोष्टीत परीट. चहा गार झाला, कांदा तसाच राहिला. शेवटी एका राजकन्येनं दोर सोडला, पण लग्नाच्या बोलीवर. पोराच्या घरी तीन बायका आधीच होत्या.

हौशीराम जरा विचार करून म्हणाले, "मग हिरीतच बरा व्हता की."

"आन त्या तिघींना इचारलं का कुणी?" भागू उसळली. त्यावर असा वाद पेटला, की त्या दिवशी निम्मंच काम झालं. हौशीरामांना रागावताही येईना. काम त्यांच्याच बोलण्यानं थांबलेलं.

पहिला खंड संपला. दुसरा कुणीतरी नेलेला, परत आलाच नव्हता. दोन दिवस ठकूबाईंना जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिलाच खंड मांडीवर उघडला आणि खुशाल पुढचं "वाचायला" लागल्या. आता वाण्याच्या पोराच्या चारी बायकांचं एकमत झालं. त्यांनी बचत गट काढला आणि नवऱ्याला टोमॅटोच्या बांधणीला लावलं. बाया खूश.

"त्या काळी बचत गट व्हता?" हौशीरामांनी विचारलं.

"लिवलंय तसं वाचते."

"आन टोमॅटोला ठिबक कुणी बसवून दिलं?"

"दाजी, तुमी गप बसा वो," भागू म्हणाली. "मधी बोलू नगा. वाचा, बाई."

ठकूबाईंनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं.