मामांच्या छावणीतले रशियन

दुभाष्याचं काम करणाऱ्या बाईला संशयी असावंच लागतं, आणि मी तर जन्मतःच तशी आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकहून रोज ओझरकडच्या एका कारखान्यात जायचे, तिथल्या रशियन इंजिनिअरांची दुभाषी म्हणून. ते कधी एकटे फिरत नसत. सोबत दुसरा असायचाच, आणि हा दुसरा कशासाठी असतो हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते.

माझ्या वाट्याला आलेला म्हातारा इंजिनिअर मात्र मला उमगत नव्हता. जर्मनीला हरवल्याच्या त्यांच्या विजयदिनाला सगळे पदकं लावून जमायचे, आणि याला नेमका त्याच दिवशी ताप यायचा. युद्धाचा विषय निघाला की हा चहात साखर ढवळत बसे. कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला सारखं वाटायचं.

विंचूरच्या माझ्या मामांनी एका रविवारी त्याला मटणाचं जेवण दिलं. दुसरा अर्थातच आलाच. मामा महायुद्धात इंग्रजांचे शिपाई म्हणून गेले, जर्मनांच्या कैदेत पडले आणि तिथं इंग्रजांविरुद्ध लढायला जर्मनांच्याच फौजेत शिरले. त्याबद्दल गाव त्यांना दर पंधरा ऑगस्टला हार घालायचं.

"यांना सांग," मामा म्हणाले, "शेवटच्या हिवाळ्यात आमच्या छावणीत यांची मानसं व्हती. कैदेतले रशियन. जर्मनांनी त्यांची आख्खी डिव्हिजन उभी केली, रशियाच्या सरकारशी लढाया. लय धाडसी गडी. माझा सलाम सांग."

मामांच्या हिशेबी हा पाहुण्याचा मान होता. पण युद्धानंतर त्या लोकांना त्यांच्याच देशाच्या हवाली केलं गेलं, फितूर ठरवून सक्तमजुरीला धाडलं गेलं, हे मला रशियन शिकवणाऱ्या बाईंनी दार लावून सांगितलं होतं. दुसरा रशियन कान टवकारून बसलेला. मी म्हटलं, "मामा म्हणतात, रशियन माणसं धाडसी असतात."

मामा माझ्याहून संशयी. "मी एवढं बोललो आन् तू दोन शब्दांत उरकलंस?" म्हणत त्यांनी तेच मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सुरू केलं. मला जर्मन येत नाही.

"काय म्हणतोय हा?" दुसऱ्याने मला विचारलं.

उत्तर म्हाताऱ्याने दिलं, स्वच्छ रशियनमध्ये. "माझा थोरला भाऊ ज्या डिव्हिजनमध्ये होता, तिच्याबद्दल सांगतायत." मग त्याने मामांना जर्मनमध्ये काहीतरी विचारलं; त्याला ती भाषा येते हे मला ठाऊकच नव्हतं. मामांनी जोरात होकार दिला. म्हातारा मान खाली घालून पुन्हा जेवू लागला.

पंधरा दिवसांत त्याला मायदेशी परत पाठवलं. कारण सांगितलं तब्येतीचं. चुगली मीच केली असं कारखान्यात लोक कुजबुजत होते. मला मात्र म्हाताऱ्याचाच राग आला होता. मी जिवाच्या आकांताने झाकलं, आणि यानं आपल्या तोंडाने सांगून टाकलं. सगळं घालवून बसण्याइतकं असं काय विचारायचं होतं?

शेवटी विंचूरला जाऊन मामांना खोदून विचारलं.

"तिथं त्यांना पोटभर जेवाया मिळायचं का, म्हनून विचारत व्हता."

"मग?"

"मिळायचं, म्हनलं." मामा माझ्याकडं बघेनात. "आम्ही फेकलेल्या बटाट्याच्या साली उचलून खायचे बिचारे."