न गेलेल्याचा रकाना

"सोडू का?"

फॉर्म भरून झाला की आबा उजव्या हाताचं बोट 'पाठवा'च्या बटणापासून टिचभर वर धरायचे आणि विचारायचे. मी "सोडा" म्हणेपर्यंत बोट तिथंच. एकदा मी फोनवर बोलत बसले आणि त्यांना साफ विसरले. वळून बघते तर बोट हवेत तसंच. "ऑर्डर मिळाली न्हाई," ते म्हणाले.

आबा फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांचं गाव कडेगावच्या बाजूला, घरटी एक तरी माणूस फौजेत असलेलं. माझं इस्लामपुरात वेबसाइट बनवायचं दीड खोलीचं ऑफिस. गावच्या माजी सैनिकांच्या मंडळाला वेबसाइट हवी होती, त्यात फौजेत गेलेल्या प्रत्येकाचं एकेक पान. मी एक फॉर्म बनवून दिला. नाव, फौजेतला नंबर, पलटण, हुद्दा, भरतीचं साल, निवृत्तीचं साल, छंद, फोटो आणि शेवटी 'दोन ओळी'. फॉर्म भरून पाठवला की त्या माणसाचं पान आपोआप तयार व्हायचं. मी तपासून मंजूर केलं की सगळ्यांना दिसायचं.

भरायचं काम मंडळानं आबांवर टाकलं. ते घरोघरी जाऊन वहीत माहिती उतरवायचे आणि दर मंगळवारी एसटीनं माझ्याकडे यायचे. मी शंभरदा सांगितलं, "आबा, हे घरून मोबाइलवर भरता येतं. त्याचसाठी तर केलंय." त्यावर त्यांचं एकच उत्तर. "म्याडमसाब, चूक झाली तर वर कुणीतरी जबाबदार पायजे."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नियमाचा त्याला जाच होत नाही, उलट आधार वाटतो. आबांना रिकामा रकाना खपत नसे. माहिती नसली की 'निल' लिहायचे. छंदाचा रकाना मी हौसेनं ठेवला होता, त्यात निम्म्या गावाच्या नावापुढं 'निल' आहे. एका वारलेल्या सुभेदारांच्या बायकोनं "पत्ते" असं सांगितलं, तर आबांनी लिहिलं, 'पत्ते (फक्त सुट्टीत)'. मेलेल्या माणसाची अब्रू राखायला नको?

एका म्हातारीकडे नवऱ्याचा फोटोच नव्हता. आबांनी तीन गावं फिरून त्या पलटणीचा एक जुना फोटो मिळवला. चाळीस माणसं, चेहरे हरभऱ्याएवढे. "मागल्या रांगेत डावीकडनं सातवा. येवढाच काढून द्या," म्हणाले. मी चिडचिड करत काढून दिला. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरातलं सगळ्यांचंच दुखणं. आबा मात्र माझं बोलणं कधी मनावर घ्यायचे नाहीत. निदान मला तसं वाटायचं.

मध्येच कुणीतरी अजून भरतीही न झालेल्या पुतण्याला फॉर्ममधून घुसवलं आणि गावात भांडण झालं. मंडळानं मला बजावलं की नंबराशिवाय पान होता कामा नये, आणि एका नंबराचं एकच पान. मी फॉर्म तसा बांधला.

त्यानंतरच्या एका मंगळवारी आबा चहाची बशी हातात धरून बसले होते. चहा निवत चालला होता. मग एकदम म्हणाले, "न गेलेल्यासाठी यकादा रकाना असतो का वो?"

मी कामात होते. मान वर न करता म्हणाले, "न गेलेल्यांचा रकाना काढला तर अख्खा तालुका त्यात बसेल, आबा."

ते हसले. मीही हसले. आज तो विनोद आठवला की जीभ छाटून टाकावीशी वाटते.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा घरून एक फॉर्म पाठवला, मला न विचारता. नंबर त्यांचाच, पुढं फक्त 'ब' जोडलेला. म्हाताऱ्याचं बोट कुठंतरी घसरलं असेल, आपलंच पान पुन्हा भरलं असेल, असं मी धरलं आणि खालचं काही न वाचता ते काढून टाकलं. वर फोन करून सांगितलं, "आबा, तुमचा नंबर दुसऱ्यांदा पडला होता. मी उडवला."

ते म्हणाले, "बरं केलंत. नियम म्हंजे नियम."

मंगळवारी आले ते वही न उघडताच बसले. "काढलेलं कुठं जातं वो?"

"कचऱ्यात. तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं."

"कचऱ्यात," ते म्हणाले. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "आन् तुमी बगता का त्यात कवा?"

"कचरा कोण बघत बसतं, आबा?"

त्यांनी वही उघडली आणि त्या दिवशीचे दोन फॉर्म नेहमीसारखे भरले. आणखी दोन मंगळवार आले, तेव्हाही तो विषय निघाला नाही. माणूस किती वाट बघतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तिसऱ्या मंगळवारी आबा आले नाहीत. मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. सकाळी उसाला पाणी पाजताना आबा बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या पानावर नावाआधी 'कैलासवासी' घालायला अध्यक्षांनी सांगितलं.

ते घालायला मी यादी उघडली. वर कोपऱ्यात लिहिलं होतं, 'कचरा (१)'. उघडून पाहिलं, तर पुसलं जायला सहा दिवस उरले होते.

फोटोत उसाच्या सरीत उभा असलेला, टोपी घातलेला एक म्हातारा. आडनाव आबांचंच, पण नाव त्यांचं नव्हे. पलटण: घर. हुद्दा: निल. निवृत्तीचं साल: अजून नाही. आणि दोन ओळी: 'हा माझा धाकटा भाऊ. माझ्याबरोबर भरतीत पास झाला होता. वडील अंथरुणाला खिळले, एकाने माघारी जायला हवे होते. हा गेला, म्हणून मी जाऊ शकलो.'

मी रडले. ऑफिसात समोर माणसं बसलेली असताना रडले.

मग नंबराची अट नसलेला दुसरा फॉर्म बनवला. त्यातून वेगळ्या प्रकारचं पान तयार होतं, 'घर सांभाळलेले'. दीड तास लागला. नुसता दीड तास. अध्यक्षांना भीतभीत विचारलं, तर ते म्हणाले, "आवं मग आधी बोलायचं की! माझा चुलता तसाच ऱ्हायला." कुणाचीच हरकत नव्हती. आबांना आडवी आले होते ती मी.

तेराव्याला गावी गेले. धाकटे भाऊ अंगणात एका कडेला घोंगड्यावर बसले होते. मी ओळख सांगितली, मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि पान वाचून दाखवलं. 'निवृत्तीचं साल: अजून नाही' ऐकून ते जरासे हसले. मग दोन ओळी वाचल्या. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं.

"यवड्या वर्सांत ह्यो विषय त्यानं यकदाबी काढला न्हाई," ते म्हणाले. "मीबी न्हाई. मला वाटायचं, इसरला आसंल."

फोटोवरून त्यांनी अंगठा फिरवला. पान वर सरकलं, ते मी पुन्हा खाली आणून दिलं.

"दादानं बगितलं का हे?"

मी नाही म्हणाले.

"ऱ्हायलंच की मग," ते म्हणाले, आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.