ताईंचा आवाज, कशासाठीही

आमचा गट सोलापुरात दृष्टिहीनांसाठी मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बनवायचा. फुकट आणि खुलं. कुणीही घ्यावं, बदलावं, कशासाठीही वापरावं. 'कशासाठीही' हा शब्द पत्रकात मीच घातला होता. तो आजही मला चुकीचा वाटत नाही, हीच पंचाईत आहे.

सॉफ्टवेअरला आवाज दिला सांगोल्याकडच्या एका आशाताईंनी, म्हणजे आशा सेविकेनं. गावात लसीकरणाचे निरोप देणं हे त्यांचं काम. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावरच्या खोलीत, माग बंद असतील त्या सुट्टीच्या दिवशी, भिंतींवर चादरी टांगून आम्ही त्यांच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली. "आंदळ्या पोरांना ऐकाया व्हईल न्हवं? मग वाचती की." मानधन नको म्हणाल्या. चहा मात्र दर वेळी परत उकळायला लावायच्या.

माईक, सर्व्हर, आमचे टी-शर्ट, सगळा खर्च एका कीडनाशक कंपनीचा. त्यांचे साहेब गोड बोलायचे. कधी एक अट घातली नाही. तिची गरजच नव्हती.

यंदा डाळिंबाच्या बागांचा बहार धरला आणि ताईंच्या गावात फोन सुरू झाले. "दादा, बागेत तेल्या रोग दिसतोय का? घाबरू नका." पुढं औषधाचं नाव. आवाज ताईंचा, हुबेहूब. कंपनीनं आमचंच सॉफ्टवेअर उचलून आपोआप फोन लावणाऱ्या यंत्राला जोडलं होतं.

आधी लोक हसले. "आशाताई, कमिशन बरं मिळत असंल की!" मग वैतागले. तो आवाज आला की कट. मग ताईंनी एका बाळाच्या डोससाठी खराखुरा फोन लावला. तोही कट. परत लावला, परत कट. त्या बाळाचा डोस चुकला.

ताई सोलापूरला आल्या. कंपनीच्या साहेबांना व्हिडिओ कॉलवर घेतलं.

"तेवढा माजा आवाज काडा की, साहेब."

"ताई, आम्ही चोरी केलेली नाही. परवानगी या लोकांनीच दिलीय, अख्ख्या जगाला. मॅडमचं पत्रक वाचलंय मी. छान लिहितात."

आमच्यातला कोड सांभाळणारा म्हणाला, "आपण आपल्याकडचा काढू शकतो. पण बाहेर गेलेल्या कॉप्या परत येत नाहीत. आणि काढला तर अंधशाळेतली पोरं उद्या काय ऐकणार?"

सर्व्हर कुणाचा, हे कुणी बोललं नाही. नवा आवाज मिळेपर्यंत हाच राहू द्यायचा, असं ठरलं. ताईंनी माझ्याकडं बघितलं. कलेक्टर कचेरीपुढं घसा बसेपर्यंत ओरडलेली बाई मी. मी पंख्याकडं बघत बसले. राग यायला हवा होता. आला नाही. स्वातंत्र्य सगळ्यांना सारखं वाटून दिलं, की फोनचं यंत्र ज्याच्याकडं त्याच्या वाट्याला ते जास्त येतं, एवढं मात्र स्पष्ट दिसत होतं. पत्रकात लिहावं असं वाक्य. लिहिलं नाही.

नवा आवाज अजून मिळालेला नाही. ताईंनी फोन करणं सोडलंय. त्या घरोघर जातात. वस्त्या लांब लांब, ऊन मरणाचं. परवा मीही त्यांची लसीकरणाची वही धरून त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी नको म्हटलं नाही, ये पण म्हटलं नाही.

एका दारात त्यांनी हाक दिली, "वैनी, उद्या डोस हाय. बाळाला घिऊन या."

आतून गडीमाणसाचा आवाज आला, "आगं, बंद कर की त्यो फोन!"

"फोन न्हाय रं, मी हाय. भाईर ये."

तो टॉवेलला हात पुसत बाहेर आला. ओशाळला.

"धा वाजता, शाळेत," ताई म्हणाल्या.

त्या बोलत होत्या तोवर तो त्यांच्या ओठांकडं बघत राहिला.