सांबरटेपच्या दवाखान्याचे पत्रे

पौडात आरिफाला आडनावाने कुणी ओळखत नाही. पत्रेवाली आरिफा म्हणा, कुणीही दुकानापर्यंत आणून सोडेल. बाई तोंडाने फटकळ. पातळ रंगीत पत्रा मागणाऱ्याला ती आधी विचारते, "घर कुटं हाय?" माण, नेरे, चांदे म्हटलं की मुकाट्याने देते, तिकडच्या भाड्याच्या खोल्यांना तो पुरतो. पण ताम्हिणीच्या वाऱ्यापावसाच्या घाटातलं नाव निघालं, की गिऱ्हाईक तोंड वाकडं करून गेलं तरी बेहत्तर, तो पत्रा गोदामातून हलत नाही.

या हट्टामागे एक जुनी जखम आहे. बारा वर्षांपूर्वी तिच्या अब्बांनी, अतीकशेटनी, त्या घाटातल्या सांबरटेपच्या दवाखान्यावर पत्रे घातले होते. दोन खोल्यांचा दवाखाना, पण उभा कुठे, तर थेट कड्याच्या तोंडावर. दुसऱ्याच आषाढात छप्पर उडालं ते खालच्या भातखाचरात जाऊन पडलं. तिथल्या भिवाजीने भर बाजारात ऐकवलं, "अतीकशेट, तुमचा पत्रा म्हंजी कागुद हाय, कागुद!" पुढे मरेपर्यंत अब्बांनी सांबरटेपची वाट धरली नाही.

आणि यंदा चैत्रात तिथल्या नर्स रेश्माताई दुकानात येऊन बसल्या.

"तुमच्यानंतर दुसऱ्यांनी घातलेलं छप्परही दोनदा गेलं," त्या म्हणाल्या. "आता या पावसात गेलं, तर दवाखाना खाली हलवणार. मग ताप आलेलं पोर पाठीवर मारून तीन तास चाला!"

"मी घालते," आरिफा म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ती सांबरटेपला गेली. उडालेले जुने पत्रे, अब्बांचेसुद्धा, भिवाजीच्या गोठ्यामागे पडले होते. तिने एकेक उलटून पाहिला. खिळे पन्हळीच्या खळग्यात मारलेले, म्हणजे पाणी आयतंच भोकात. आणि प्रत्येक पत्र्याची कड्याकडची कडच तेवढी वर उचकटलेली! असं का, ते तिला रस्त्यावर उभं राहिल्यावर कळलं. रस्ता कड्याच्या अंगाने येतो, टेम्पो तिथेच थांबतो, आणि जिथे टेम्पो तिथून पत्रे घालायला सुरुवात, ही साऱ्या मुलुखाची रीत. मग पुढचा प्रत्येक पत्रा आधीच्यावर चढतो आणि त्याची मोकळी कड राहते कड्याकडे. वारा येतो तोही कड्यावरूनच; त्याला आणखी काय हवं? अब्बांचा माल खोटा नव्हता. त्यांनी सुरुवात चुकीच्या टोकाने केली होती.

तिने जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा असलेला जाड पत्रा निवडला, आणि रबरी वायसरचे स्क्रू, तेही उंचवट्यावर मारायचे. पत्रे पल्याडच्या टोकाकडून घालायचे, असं फिटर किशोरला दहा वेळा बजावलं. तरी ती रेश्माताईंकडे चहाला गेली तेवढ्यात पठ्ठ्याने रस्त्याकडून चार पत्रे ठोकलेच!

"काढ! चारीच्या चारी काढ!" ती खालूनच कडाडली.

भिवाजी पारावरून हसला. "टेम्पो हितं, आन् पत्रं पल्याडनं? वर दगूड ठिवा की चार, झालं! आमच्या देवळावर ठेवल्यात तसं."

"दगड न्हाई, टायर न्हाई. दगडाखाली पाणी साचतं, मुलामा घासून निघतो आन् गंज धरतो. मुकाट्यानं बघा आता."

आणि उन्हातान्हात एकेक पत्रा डोक्यावरून पल्याड नेऊन काम पुन्हा पहिल्यापासून झालं.

आषाढात तीन दिवस घाटावर वाऱ्याने नुसतं थैमान घातलं. फोन बंद, रस्ता बंद. चौथ्या दिवशी, बाजार भरलेला असताना, भिवाजी चिंब भिजून दुकानात आला. आरिफाने त्याच्यापुढे चहा ठेवला. गडी फुर्र फुर्र करत चहा पीत बसला.

"देवळाचं पत्रं गेलं," अखेर तो म्हणाला. "दगडांसकट."

"आन् दवाखाना?"

"दवाखान्यात तर आख्खं गाव बसलं हुतं! तीन दिस. टिपूस गळालं न्हाई. हलवायचंबी रद झालं, नर्सबाई सांगत हुत्या." त्याने कप खाली ठेवला. "देवळावर नवं घालायचंय, पोरी. कुटनं सुरू करायचं?"

आरिफाचे डोळे भरून आले आणि हसूही फुटलं. पण ती अतीकशेटची लेक.

"सांगते की. पण आधी भाईर जावा, काका. तवा भर बाजारात बोलला व्हता न्हवं? मग आजबी भर बाजारातच बोला."

भिवाजीने टोपी सारखी केली. तो पायरीवर गेला, खाकरला आणि भाजीवाल्यांनी माना वळवाव्यात एवढ्या मोठ्याने ओरडला, "ऐका रं! अतीकशेटच्या दुकानाचा पत्रा हाय सांबरटेपला! जागचा हालला न्हाई!"